फाट्यावरचं दुकान

मी दिलेली पत्रकं हनोखने फेकली नाहीत.
एकात व्हॉल्वच्या रबऱ्या बांधून ठेवल्यात,
एक डुगडुगत्या स्टुलाच्या पायाखाली
चौघडी होऊन बसलंय.
‘तारण’ एवढाच शब्द बाहेर दिसतो.
स्टूल आता हलत नाही.

परतवाड्याच्या फाट्यावर
निंबाला टांगलेला टायर, हीच दुकानाची पाटी.
उपासना साडेअकराला सुटते.
पाळकसाहेब हात मिळवताना दर रविवारी म्हणतात,
सिस्टर, तेवढं त्या साळव्याच्या पोराला सांगा.
पोरगा आता पन्नाशीचा आहे.

‘या शिस्टर,’ तो म्हणतो, ‘बसा. किती जन होते आज?’
तेवीस, मी सांगते. लहान धरून.
‘मंग माह्यामुळं चोवीस होतीन. हिशोबच हाये तो.’
ट्यूब पाण्यात बुडवतो, फिरवतो, कान देतो.
‘शंभरातलं एक हरवलं
तर बाकीची टाकून मेंढपाळ रानात जाते म्हनता.
तुमी त मोजून दार लावून घेतलं.’

मला उत्तर पाठ होतं.
छत्तीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात
इंजेक्शन देतादेता मी ते लोकांना दिलंय.
पण टबात बुडबुडे आले
आणि त्याने मला म्हटलं, ‘इथं बोट ठेवा जरा.’
ठेवलं.
पाणी थंड होतं, काळं, तेलाची साय धरलेलं.

मग म्हणाला, ट्यूबकडेच बघत,
‘तुमचा बी हात वर होता.’

कोणता हात, असं मी विचारलं नाही.
तहसिलीत सही करून त्याने वच्छलाला आणलं,
तिने कुंकू पुसलं नाही,
आणि पंचांनी वही उघडली.
माझी रात्रपाळी झाली होती, पायांत गोळे आले होते.
कोणाकोणाचं मत आहे, विचारलं
आणि मी हात वर केला.
रागाने नाही.
लवकर घरी जाता यावं म्हणून.

‘खिडकीतून पायलं मी. सायकल धरून उभा होतो.’

एक ट्रॅक्टर गेला संत्र्याचे कॅरेट घेऊन.
धूळ बसायला वेळ लागला.
मी सांगितलं ते असंच सांगितलं, पायांतल्या गोळ्यांसकट.
आणि हेही, की हे गेल्यापासून
मी पहिल्या बाकावर बसते खरी
पण प्रार्थनेत पंखे मोजते.
सहा आहेत. दोन बंद.
तरी जाते. का जाते, ते मला नीट सांगता येत नाही, हनोख.
एखाद्या रविवारी, शेवटच्या गीतानंतर
सगळे चपला शोधत असतात तेव्हा
कोणीतरी माझ्या शेजारी बसून राहिल्यासारखं वाटतं.
तेवढंच आहे माझ्याकडे.
पत्रकात ते छापत नाहीत.

तो काही बोलला नाही.
कानस घासली, सोल्युशन लावलं, फुंकर मारली,
पॅच दाबून धरला जास्त वेळ,
लागतो त्याहून जास्त.
‘आता काढा बोट,’ म्हणाला.
मी अजून धरूनच होते.

वच्छला डबा घेऊन आली.
मला पाहून पदर सावरला, कपाळावरचं ठसठशीत लाल तसंच.
बसा म्हणाली नाही, उठा म्हणाली नाही.
मग हवा भरायच्या यंत्रावर पेपर अंथरला,
ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, एक कांदा.
हनोखने बुक्कीने कांदा फोडला,
भाकरीचे तीन तुकडे केले. सारखे नाही झाले.
मोठा माझ्याकडे सरकवला.
त्यावर त्याच्या अंगठ्याचा काळा ठसा होता.

सवयीने माझे डोळे मिटले.
आज पंखे नव्हते मोजायला.
किती वेळ गेला कोण जाणे.
उघडून पाहते तर
दोघांचे घास हातातच थांबलेले,
वच्छलाची मान खाली,
तो रस्त्याकडे बघत, नाराज चेहऱ्याने.

‘आमेन म्हना ना शिस्टर,’ तो म्हणाला.
‘भाकर वाळून रायली.’